जुना फोन आजोबांना, नवा नातवाला?

वसई-विरारमधल्या कितीतरी घरांत नवा फोन आला की त्याची वाटणी ठरलेली असते. नवा फोन मुलाकडे जातो, कारण त्याला ‘बीजीएमआय’ खेळायचा असतो आणि जुन्यावर तो अडकत चालतो. मुलाचा जुना फोन आईकडे येतो. आईचा त्याहून जुना, काचेला तडा गेलेला, आजोबांकडे. ‘त्यांना काय, फोन उचलायचा आणि व्हॉट्सॲपवर फोटो बघायचे,’ असे घरातले म्हणतात. पण आजोबांच्या त्याच फोनवर पेन्शन जमा झाल्याचा मेसेज येतो, बँकेचा ओटीपी येतो, निवृत्तीच्या वेळी ठेवलेल्या मुदत ठेवीचा हिशेब येतो. म्हणजे घरातला सगळ्यात मोठा पैसा सगळ्यात कमकुवत फोनवर आणि खेळ मात्र सगळ्यात भक्कम फोनवर. ही वाटणी उलटी करा, हे मला कळकळीने सांगायचे आहे. ज्याच्या फोनवर बँक आहे, चांगला फोन त्याला मिळाला पाहिजे.

यामागचे कारण साधे आहे. फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये चुका सापडत राहतात आणि कंपनी त्या दुरुस्त करून अपडेट पाठवते. काही वर्षांनी कंपनी हे काम थांबवते. फोन चालू राहतो, फोटो निघतात, पण नंतर सापडलेल्या चुका त्यात तशाच राहतात आणि चोरांना त्या ठाऊक असतात. गुगलने २०२३ च्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षे अपडेट देण्याचे जाहीर केले. पण हे महागडे फोन झाले. आपल्याकडे दहा-बारा हजारांत मिळणाऱ्या अनेक फोनांना यापेक्षा बरीच कमी वर्षे मिळतात. म्हणून दुकानात कॅमेरा किती मेगापिक्सेल हे विचारण्याआधी ‘सिक्युरिटी अपडेट किती वर्षे?’ हे विचारा. दुकानदाराला सांगता आले नाही, तर कंपनीच्या संकेतस्थळावर पाहा.

घरातला प्रत्येक फोन आज रात्री तपासता येईल. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन ‘अबाउट फोन’ आणि ‘अँड्रॉइड व्हर्जन’ उघडा. तिथे सिक्युरिटी अपडेटची तारीख दिसते. ती वर्षाहून जुनी असेल आणि नवे अपडेट येतच नसेल, तर त्या फोनवर बँकेचे ॲप आणि यूपीआय ठेवू नका. गाणी ऐकायला, भजने लावायला, मुलांच्या साध्या खेळांना तो फोन अजून बरीच वर्षे चालेल. ‘आयफोनला काही होत नाही’ हेही अर्धेच खरे आहे. त्यालाही अपडेट लागतात आणि फसवा फोन आल्यावर ओटीपी सांगणारा माणूस आयफोनवरूनही तेवढ्याच सहज सांगतो.

नवा फोन घेणे सध्या परवडणारे नसेल, तर पैशाची विभागणी करा. एक छोटे खाते रोजच्या खर्चासाठी उघडा, त्यात महिन्याच्या गरजेपुरतीच रक्कम ठेवा आणि यूपीआय फक्त त्याच खात्याला जोडा. भाजीवाला, रिक्षा, केबल, दूध यांचे पैसे त्यातून जातील. बचत आणि ठेवी ज्या खात्यात आहेत ते खाते कोणत्याही यूपीआय ॲपला जोडू नका. या एका कामाला अर्धा दिवस जातो, पण उद्या काहीही बिनसले तर नुकसान महिन्याच्या खर्चापुरतेच राहील.

‘आपल्याकडे चोरण्यासारखं काय आहे?’

हे वाक्य सकाळच्या विरार लोकलमध्ये जितके ऐकू येते तितकेच सोसायटीच्या बैठकीतही. नालासोपाऱ्यात भाड्याच्या खोलीत राहणारा, पंधरा-अठरा हजार पगार घेणारा तरुण हे मनापासून म्हणतो. पण त्याच्या रिकाम्या खात्यालाही चोरांच्या बाजारात किंमत आहे. दुसऱ्या कोणाला लुटून आणलेला पैसा आधी कुठेतरी उतरवावा लागतो. त्यासाठी खरा आधार, खरा पॅन आणि खरे सिम असलेली माणसे हवी असतात. ‘तुझ्या नावावर खाते उघड, एटीएम कार्ड आणि सिम आमच्याकडे दे, महिन्याला काही हजार घे’ असा निरोप ओळखीतून किंवा टेलिग्रामवरून येतो. नोकरीच्या शोधात असलेल्या मुलाला तो बरा वाटतो. काही आठवड्यांनी खाते गोठते, परराज्यातल्या पोलिसांची नोटीस येते आणि गुन्ह्यात पहिले नाव त्याचेच असते, कारण कागदोपत्री दुसरे कोणी दिसतच नाही. घरात नुकताच अठरा वर्षांचा झालेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर त्यांना ही एक गोष्ट समोर बसवून सांगा. खाते, सिम आणि आधार कोणालाही, मित्रालाही, वापरायला द्यायचे नाही.

हीच गोष्ट झेरॉक्सच्या दुकानाची. स्टेशनजवळ भाडेकराराच्या, शाळाप्रवेशाच्या, नोकरीच्या कागदांसाठी आपण आधार आणि पॅन दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवतो, प्रिंट घेतो आणि निघतो. तो दुकानदार सज्जन असेलही, पण त्याच्या संगणकावर अशा शेकडो लोकांचे कागद पडून असतात आणि तिथे रोज अनोळखी माणसे पेनड्राइव्ह लावतात. व्हॉट्सॲपऐवजी पेनड्राइव्ह किंवा ईमेल वापरा, प्रिंट झाल्यावर फाइल आपल्यासमोर पुसायला सांगा. दुकानातल्या संगणकावर व्हॉट्सॲप उघडले असेल तर फोनमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ पाहून ते तिथून काढून टाका. जिथे आधारचा पूर्ण क्रमांक लागत नाही तिथे फक्त शेवटचे चार अंक दिसणारा मास्क्ड आधार द्या. तो यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवता येतो. तिथेच बोटांचे ठसे लॉक करण्याचीही सोय आहे. ज्यांना आधारवर अंगठा लावून पैसे काढायचे नसतात त्यांनी ते लॉक करून ठेवावे.

घाई कोण करतंय ते पाहा

फसणारा माणूस अडाणी असतो, ही समजूत आपल्याकडे घट्ट बसलेली आहे. ती खोटी असल्याचा पुरावा आपल्याच रेल्वेमार्गावर, खाडीपलीकडे मीरा रोडला आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी तिथल्या कॉल सेंटरांवर छापे घातले. सातशेहून अधिक तरुण-तरुणींना ताब्यात घेतले आणि सुमारे ७० जणांना अटक केली. ही मुले रात्री अमेरिकेत फोन लावायची, तिथल्या आयकर खात्याचे अधिकारी असल्याचे सांगायची, कर थकल्याचे आणि थोड्याच वेळात पोलीस दारात येणार असल्याचे बजावायची आणि दुकानातून गिफ्ट कार्ड विकत घेऊन त्यांचे नंबर वाचून दाखवायला लावायची. भारतातल्या कॉल सेंटरांतून चाललेल्या अशाच फसवणुकीबद्दल अमेरिकेच्या न्याय खात्याने त्याच महिन्यात सुमारे ६० आरोपींवर खटला भरला आणि फसलेल्यांची संख्या किमान १५ हजार सांगितली. फसलेल्यांमध्ये इंग्रजी बोलणारे, शिकलेले लोकही होते. त्यांच्या संगणकात कोणी शिरले नव्हते. त्यांना विचार करायला वेळ मिळू दिला नाही, एवढेच.

आज तेच तंत्र आपल्यावर वापरले जाते, फक्त आयकराच्या जागी वीज येते. ‘मागील महिन्याचे बिल अपडेट नसल्याने आज रात्री साडेनऊ वाजता वीजपुरवठा खंडित होईल, या क्रमांकावर संपर्क साधा’ हा मेसेज २०२२ पासून महाराष्ट्रभर फिरतो आहे. आपल्याकडे वीज तशीही अधूनमधून जाते, पावसाळ्यात तर फारच, त्यामुळे तो मेसेज खरा वाटतो. फोन केला की पलीकडचा माणूस ‘एनीडेस्क’ किंवा ‘क्विकसपोर्ट’सारखे ॲप टाकायला सांगतो आणि दहा रुपये भरून बघा म्हणतो. त्या ॲपमुळे तुमचा पडदा त्याला जसाच्या तसा दिसतो, पिन आणि ओटीपीसह. रिझर्व्ह बँकेने अशा ॲपबद्दल २०१९ मध्येच सावध केले होते.

यावर माहिती हाच उपाय आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ‘आज रात्री’ असे नसते. महावितरणचा मेसेज ज्या नावाने येतो त्यात एमएसईडीसीएल ही अक्षरे असतात, दहा आकडी मोबाइल क्रमांक नसतो. शंका आलीच तर १९१२ ला फोन करा किंवा महावितरणच्या ॲपमध्ये ग्राहक क्रमांक टाकून बिल पाहा. पाइप गॅस, नळजोडणी, घरपट्टी यांच्या नावाने येणाऱ्या निरोपांनाही हाच नियम लावा. आलेल्या क्रमांकावर फोन करायचा नाही. जुन्या बिलावर किंवा पासबुकावर छापलेला क्रमांक शोधून त्यावर करायचा.

बँकांच्या बाबतीत आता ओळखण्याची आणखी एक खूण आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये सगळ्या बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ने संपणारे संकेतस्थळ घ्यायला सांगितले आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. कोणत्याही लिंकवर बँकेचे नाव असेल आणि शेवट वेगळा असेल, तर ती बंद करा. वसईत मात्र याहून सोपा मार्ग अजून शिल्लक आहे आणि तो टिकावा असे मला वाटते. पापडीत १९१८ मध्ये सुरू झालेली बसीन कॅथॉलिक बँक असो की दुसरी कोणती सहकारी बँक, आपली शाखा चालत जाण्याच्या अंतरावर असते आणि काउंटरवरचा माणूस ओळखीचा असतो. केवायसी अपडेटचा फोन आला तर ‘उद्या सकाळी शाखेत येतो’ एवढेच म्हणा. खऱ्या बँकेला त्याची काहीच अडचण नसते. फसवणारा मात्र लगेच आवाज चढवतो.

‘डिजिटल अरेस्ट’बद्दल तर सगळ्या ज्येष्ठांना ठणकावून सांगायला हवे. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस दिसतो, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत असते, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडल्याचे सांगितले जाते आणि तासन्‌तास कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवले जाते. व्हिडिओवरून अटक करण्याची कोणतीही तरतूद कायद्यात नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हे स्पष्ट सांगितले होते. फोन ठेवला म्हणून कोणावर कारवाई होत नाही. ज्यांची मुले आखातात, जहाजावर किंवा कॅनडात आहेत अशा वसईच्या गावागावांतल्या आईवडिलांना आणखी एका प्रकाराचा धोका आहे. ‘तुमच्या मुलाचा अपघात झालाय, लगेच पैसे पाठवा’ असा फोन येतो आणि आता यंत्राने बनवलेला आवाजही हुबेहूब मुलाचा असू शकतो. घरच्यांनी मिळून एक शब्द ठरवून ठेवा, लहानपणीचा, बाहेर कोणाला माहीत नसलेला. पैशाचा विषय निघाला की आधी तो शब्द विचारायचा.

खेळाला दोष देताना

‘गेममुळे पोरगं वाया गेलं’ हे मत मला मान्य नाही, निदान सरसकट तरी नाही. चार मित्र मिळून एक डाव आखतात, हरतात, पुन्हा बसतात. यात वाईट काही नाही. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला पदके होती आणि भारताचा संघही तिथे खेळला. अभ्यास आणि झोप यांवर पाणी सोडून कोणी खेळत असेल तर तो प्रश्न खराच आहे, पण तो वेळेचा प्रश्न आहे. पैशाचा आणि सुरक्षेचा धोका वेगळ्या दारातून येतो आणि पालकांचे लक्ष नेमके तिथे नसते.

पालकांना वाटते सरकारने बंदी घातली की विषय संपला. सप्टेंबर २०२० मध्ये ‘पब्जी’वर बंदी आली आणि २ जुलै २०२१ ला तोच खेळ ‘बीजीएमआय’ नावाने परतला. जुलै २०२२ मध्ये तोही ॲप स्टोअरमधून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. ‘फ्री फायर’वर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली, त्याचीच ‘मॅक्स’ आवृत्ती चालू राहिली. या मधल्या काळात मुलांनी खेळणे सोडले का? त्यांनी प्ले स्टोअर सोडले. टेलिग्रामवरून, यूट्यूबच्या वर्णनातल्या लिंकवरून एपीके म्हणजे ॲपची फाइल थेट उतरवायची, ‘अननोन सोर्सेस’ला परवानगी द्यायची, हे त्यांनी त्या काळात शिकून घेतले. बंदीपेक्षा ही सवय मला अधिक चिंतेची वाटते, कारण ‘आरटीओ चलान’ किंवा ‘लग्नपत्रिका’ नावाची एपीके फाइल व्हॉट्सॲपवर येते तेव्हा तीही त्याच परवानगीने आत शिरते आणि मग आलेले ओटीपी परस्पर दुसरीकडे पाठवते.

म्हणून पहिले काम हे करा. मुलाच्या हातात जाणाऱ्या प्रत्येक फोनवर सेटिंग्जमध्ये ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ शोधा आणि व्हॉट्सॲप, टेलिग्राम, क्रोम या तिघांनाही दिलेली परवानगी काढून टाका. प्ले स्टोअरमधला ‘प्ले प्रोटेक्ट’ चालू आहे ना ते पाहा. काही ‘मॉड’ म्हणजे परस्पर बदललेले खेळ तो बंद करायला सांगतात, असे सांगणारा खेळ लगेच काढून टाका.

दुसरी वाट फुकटच्या आमिषाची आहे. ‘मोफत यूसी’, ‘मोफत डायमंड’ असे खेळातले चलन देणारे पान उघडले की ‘गुगलने लॉगइन करा’ किंवा ‘फेसबुकने लॉगइन करा’ असे विचारते. मुलगा आईच्या गुगल खात्याचा पासवर्ड टाकतो, कारण फोन आईचा आहे. त्या क्षणी खेळाचे खाते तर जातेच, शिवाय आईचे जीमेल, त्यात आलेली बँकेची विवरणपत्रे, ड्राइव्हवर ठेवलेले आधार आणि सगळे फोटोही दुसऱ्याच्या हाती जातात. मुलासाठी वेगळे गुगल खाते उघडा आणि ‘फॅमिली लिंक’ने ते स्वतःच्या खात्याला जोडा. आईवडिलांच्या खात्याला दुहेरी पडताळणी लावा. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा विचारण्याची सोय आहे, ती चालू करा. साठवलेले कार्ड काढून टाका. यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ उघडून कोणत्या कंपनीला दरमहा पैसे कापण्याची परवानगी दिलेली आहे ते एकदा डोळ्यांखालून घाला. तिथे बहुतेकांना विसरलेले काहीतरी सापडते. आणि यूपीआय पिन बदला. घरातल्या दहा वर्षांच्या मुलाला आईचा पिन पाठ असतो, हे वास्तव आहे. दुकानात उभे असताना तो तिनेच त्याला सांगितलेला असतो.

पैसे लावून खेळण्याच्या रमी, पत्ते, फँटसी क्रिकेट यांची गोष्ट वेगळी. ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि मोठ्या कंपन्यांनी पैशाचे खेळ लगेच थांबवले. म्हणजे आता असा खेळ कोणी टेलिग्रामवरून पाठवत असेल तर तो कायद्याला जुमानत नाही हे त्याच्या येण्यातूनच कळते, आणि जिंकलेले पैसे तो देईल अशी आशा धरू नका. या कायद्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आणि त्याची जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. त्यामुळे ज्याचे पैसे अडकले आहेत त्याने भीतीपोटी गप्प बसू नये. कर्ज काढून खेळलेला माणूस घरी बोलत नाही. त्याला बोलते करणे हे घरच्यांचे काम आहे, आणि ते ओरडून होत नाही.

मुलांच्या बाबतीतही तेच. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत राज्य पोलीस मुख्यालयातल्या सायबर जागृतीच्या कार्यक्रमात अभिनेते अक्षय कुमार यांनी आपल्या मुलीचा अनुभव जाहीरपणे सांगितला. ऑनलाइन खेळताना समोरच्या अनोळखी खेळाडूने आधी गोड बोलून कौतुक केले आणि मग तिचे नग्न फोटो मागितले. तिने खेळ तिथेच बंद केला आणि आईला सांगितले. मला यात सगळ्यात मोलाचे वाटते ते तिचे आईकडे जाणे. ‘फोन काढून घेईन’ ही धमकी ज्या घरात रोज ऐकू येते, तिथला मुलगा किंवा मुलगी अशा वेळी आईकडे जाईल का? आजच मुलांना सांगून ठेवा, की असे काही घडले आणि तू येऊन सांगितलेस तर फोन काढून घेतला जाणार नाही. आणि तो शब्द पाळा. अनोळखी लोकांशी होणारे ‘व्हॉइस चॅट’ बहुतेक खेळांत बंद करता येते किंवा फक्त मित्रांपुरते ठेवता येते, ती सेटिंग मुलासोबत बसून लावा.

लोकलमध्ये फोन गेला तर

दारात उभे राहून फोन पाहणाऱ्याच्या हातावर रुळालगतच्या खांबावरून काठीचा फटका बसतो आणि फोन खाली पडतो. गर्दीत खिशातून जाणारे फोन वेगळेच. चोराला फोनच्या किमतीइतकाच रस आता उघड्या यूपीआयमध्ये आणि सिममध्ये असतो. स्क्रीन लॉक असला तरी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातले की ओटीपी तिकडे येतात. म्हणून सिमला स्वतःचा पिन लावा. सेटिंग्जमधल्या सिक्युरिटीत ‘सिम लॉक’ असते. सुरुवातीचा पिन सिम कंपनीच्या केंद्रात विचारून घ्या, अंदाजाने टाकू नका, कारण तीन चुकांनंतर सिम अडकते. लॉक असलेल्या पडद्यावर मेसेजचा मजकूर दिसणार नाही अशी सोय करा. अँड्रॉइडमध्ये गुगलच्या सेटिंग्जमध्ये ‘थेफ्ट प्रोटेक्शन’ आहे, फोन हिसकावून पळाल्याचे जाणवले की ते पडदा आपोआप लॉक करते. आयफोनमध्ये ‘स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन’ चालू करा. आणि *#०६# दाबून येणारा आयएमईआय क्रमांक घरच्या डायरीत लिहा. फोनमध्येच लिहून ठेवलात तर उपयोग नाही.

फोन गेल्यावर शेजारच्या प्रवाशाचा फोन मागून आधी सिम बंद करा, मग बँकेला कळवून यूपीआय थांबवा. रेल्वेत चोरी झाली तर १३९ वर मदत मिळते आणि तक्रार वसई रोडसारख्या रेल्वे पोलीस ठाण्यात होते. तक्रारीची प्रत आणि आयएमईआय घेऊन सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर फोन बंद करण्याची विनंती नोंदवा, मग तो देशातल्या कोणत्याही नेटवर्कवर चालत नाही. पुढच्या काही दिवसांत ‘तुमचा फोन सापडला, ठिकाण पाहण्यासाठी लॉगइन करा’ असा मेसेज येऊ शकतो. तो चोरांचाच असतो, त्यांना पासवर्ड हवा असतो.

गाळ्यातला संगणक

वालीव, गोखिवरे, सातिवलीच्या औद्योगिक वसाहतींतल्या छोट्या मालकांशी बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘अँटीव्हायरस टाकलाय, काळजी नाही.’ पुण्याच्या काटकर बंधूंनी संगणक दुरुस्तीच्या दुकानातून ‘क्विक हील’ उभे केले, त्या काळात व्हायरस फ्लॉपीवरून यायचे आणि अँटीव्हायरस हे मोठे कवच होते. आजही ते असावे, पण ज्या संगणकात विंडोज चोरीचे आणि टॅली क्रॅक केलेले आहे, तिथे दार आपणच उघडे ठेवलेले असते. क्रॅक चालवण्यासाठी अँटीव्हायरस बंद करायला सांगतात, ते उगाच नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. संगणक विंडोज ११ घेऊ शकत असेल तर लगेच घ्या, घेऊ शकत नसेल तर निदान त्या यंत्रावरून नेट बँकिंग करू नका.

अपडेट टाळण्याची किंमत किती असते हे २७ जून २०१७ ला जेएनपीटी बंदराने पाहिले. ‘नॉटपेट्या’ या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीची जगभरची यंत्रणा बंद पाडली आणि न्हावा शेवाच्या एका टर्मिनलवरचे कंटेनर अडकून पडले. त्या हल्ल्याने पसरण्यासाठी विंडोजमधली जी चूक वापरली, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने तीन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. छोट्या गाळ्याला एवढा मोठा हल्ला नको, एका खंडणीखोर व्हायरसने टॅलीचा डेटा कुलूपबंद केला तरी जीएसटीचे विवरण अडकते. त्यावर उपाय म्हणजे बॅकअप. दर शनिवारी बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत घ्या आणि ती डिस्क संगणकापासून सोडवून घरी न्या. जोडून ठेवलेली डिस्क व्हायरस संगणकाबरोबरच कुलूपबंद करतो. ती गाळ्यात न ठेवण्याला आपल्याकडे आणखी एक कारण आहे. जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरार कित्येक दिवस पाण्याखाली होते, तळमजल्यावर ठेवलेल्या यंत्राला असे पाणी सोडत नाही. दुसरी प्रत क्लाउडवर असू द्या आणि वर्षातून एकदा ती प्रत खरोखर उघडते का हे करून पाहा.

पहिला तास

पैसे गेलेच, तर लाजेत किंवा चोराशी भांडण्यात वेळ घालवू नका. १९३० हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा क्रमांक लगेच लावा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत जातो आणि तो कुठेतरी थांबलेला असतानाच गोठवता येतो, म्हणून पहिल्या तासाला महत्त्व आहे. फोन लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार भरा. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि मेसेजचे स्क्रीनशॉट जवळ ठेवा. रागाच्या भरात चॅट पुसू नका, तोच पुरावा आहे. मग जवळच्या पोलीस ठाण्यात जा. १ ऑक्टोबर २०२० पासून आपल्यासाठी मीरा-भाईंदर, वसई-विरार असे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे आणि त्याचा सायबर विभागही आहे. कोणी बोलण्याच्या ओघात एखादा कोड डायल करायला लावला असेल, तर ##००२# दाबून कॉल फॉरवर्डिंग बंद करून टाका.

बँकेला फोन करूनच थांबू नका, लेखी द्या आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार तुमची चूक नसताना परस्पर व्यवहार झाला आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. तुम्ही ओटीपी सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे, पण कळवल्यानंतर गेलेला प्रत्येक रुपया बँकेच्या जबाबदारीवर जातो. त्यामुळे त्या पोचपावतीवर तारखेबरोबर वेळही लिहून घ्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. त्यासाठी वकील लागत नाही, आणि माहितीसाठीचा १४४४८ हा क्रमांकही मोफत आहे.